जैवऊर्जा: लिफ्टमध्ये, गेटवर आणि ग्रुपवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरूळच्या आमच्या सोसायटीत मागच्या भिंतीला लागून ओल्या कचऱ्यावर चालणारा बायोगॅस संच आहे. त्याची देखरेख माझ्याकडे आहे. त्याआधीची सव्वीस वर्षं ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात, बॉयलर हाऊसमध्ये गेली. म्हणजे काही ना काही जाळून वाफ काढणं हाच माझा जन्माचा धंदा. त्यामुळे पेपरात जैवऊर्जेची बातमी आली की लोक मला गाठतात. कोणी लिफ्टमध्ये विचारतं, कोणी ठाण्याच्या मेव्हण्याचा प्रश्न फॉरवर्ड करतं. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

जैवऊर्जा म्हणजे गोबरगॅसचंच नवं नाव का?

गोबरगॅस हा तिच्या घरातला एक भाऊ. झाडापिकांनी ऊन खाऊन जे अंगात साठवलेलं असतं, ते परत काढून घेण्याच्या सगळ्या वाटा जैवऊर्जेत येतात. माल वाळका असेल तर जाळायचा: उसाची चिपाडं, भाताचं तूस, कापसाच्या पऱ्हाट्या, तुराट्या, लाकडाचा भुसा. ओला असेल तर हवाबंद टाकीत कुजवायचा: शेण, भाजीचा कचरा, डिस्टिलरीचं सांडपाणी. गोड किंवा पिठूळ असेल तर आंबवून इथेनॉल काढायचं, तेलकट असेल तर बायोडिझेल. स्वयंपाकघरात जसं कशाची भाजी आणि कशाची कोशिंबीर हे जिन्नस बघून ठरतं, तसंच हे. ओलं जाळायला गेलात की फसलात. आपल्याकडचे बरेच प्रकल्प या एका चुकीपायी बसले, पण त्याबद्दल पुढे.

देशाच्या अक्षय ऊर्जेत हिचा वाटा किती?

विजेपुरतं विचाराल तर लहान. ३१ मार्च २०२५ ला मोठी धरणं धरून देशाची अक्षय ऊर्जेची स्थापित क्षमता २२०.१० गिगावॉट होती. त्यात सौर १०५.६५, पवन ५०.०४ आणि जैवऊर्जा ११.५८ गिगावॉट, म्हणजे साधारण पाच टक्के. त्यातलाही बहुतेक भाग साखर कारखान्यांच्या सहवीज प्रकल्पांचा. उरलेल्यात तुसावर, पऱ्हाट्यांवर चालणारी छोटी केंद्रं आणि कचऱ्यापासून वीज करणारे प्रकल्प.

हे ऐकून आमच्या सी विंगचे काका म्हणाले, "मग एवढा गाजावाजा कशाला?" त्याचं कारण असं की वीज हा आपण वापरतो त्या ऊर्जेचा एक तुकडा आहे. कारखान्यात वाफ लागते, घरात चूल पेटवावी लागते, रिक्षात गॅस भरावा लागतो, विमानाला इंधन लागतं. हे सगळं हिशेबात धरलं की चित्र फिरतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने जगातल्या एकूण अक्षय ऊर्जेतला निम्म्याहून जास्त भाग आधुनिक जैवऊर्जेचा आहे, आणि त्यात खेड्यातली धुराची चूल धरलेलीच नाही. मेगावॉटचा तक्ता बघून जैवऊर्जेला मोजणं म्हणजे आजीच्या कामाचा हिशेब तिच्या पेन्शनवरून करणं.

सौर वीज इतकी स्वस्त झाली, मग शेतमाल जाळत बसायचं कशाला?

प्रश्न बिनतोड आहे. सौर विजेच्या लिलावात युनिटचा भाव अडीच रुपयांच्या आसपास आला आहे. बायोमासवरची वीज त्याच्या दुपटीहून महाग पडते. शिवाय निसर्गाचाच हिशेब आपल्या विरुद्ध आहे. छपरावरचं सौर पॅनेल उन्हातली वीस टक्के ऊर्जा विजेत बदलतं. पीक मात्र अंगावर पडलेल्या उन्हातली जेमतेम एखादा टक्का साठवतं. म्हणून चांगल्या जमिनीवर केवळ वीज करण्यासाठी पीक घ्यायचं म्हटलं तर मी हात जोडतो.

पण सूर्य सातला मावळतो आणि आमच्याकडे एसी रात्री अकराला जोरात असतो. चिपाडाचा ढीग, गॅसचा फुगा, इथेनॉलची टाकी या साठवून ठेवलेल्या वस्तू आहेत. हव्या तेव्हा वापरता येतात. सौर आणि पवनला ही सवलत बॅटरी घेऊन विकत घ्यावी लागते. दुसरं म्हणजे, जे कुजणारच आहे ते कुठेतरी कुजतंच. डम्पिंगवर कुजलं तर मिथेन हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. तोच मिथेन टाकीत पकडून शेगडीखाली जाळला तर दोन कामं होतात. माझ्या मते जैवऊर्जेची खरी जागा ही आहे: जिथे माल आधीच पडलेला आहे आणि जिथे वायर पुरत नाही, तिथे.

साखर कारखान्यांची वीज म्हणजे काय प्रकार असतो?

एक टन ऊस गाळला की २७०-३०० किलो चिपाड हातात येतं. इंजिनीअर लोक त्याला बगॅस म्हणतात. ते निम्मं पाण्याने भरलेलं असतं, तरी एक टन चिपाडापासून दोन टनांहून थोडी जास्त वाफ निघते. ती वाफ आधी टर्बाइन फिरवते, वीज करते, आणि दम उतरल्यावर तीच वाफ रस आटवायला जाते. एकाच वाफेला दोनदा राबवायचं म्हणून सहवीज. जुन्या कारखान्यांत कमी दाबाचे बॉयलर असत आणि चिपाड कसंतरी जाळून संपवणं हाच उद्देश असे. उच्च दाबाचे बॉयलर आले तेव्हा तेवढ्याच चिपाडात विकण्याइतकी वीज उरू लागली.

यात सगळ्यांत मोठी सोय अशी की कच्चा माल गोळा करायला वेगळी गाडी लागत नाही. ऊस साखरेसाठी आलेलाच असतो, चिपाड त्याच्या पाठीवर बसून फुकट येतं. देशातल्या जैवविजेचा एवढा मोठा हिस्सा साखरेकडे का, याचं उत्तर एवढंच आहे. अडचणही तिथेच: गाळप दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाला संपतं, मग बॉयलर थंड.

आपल्याकडे एमआयडीसीत कोळशाऐवजी कांडी वापरतात म्हणे. ती काय असते?

आता माझ्या घरचा विषय निघाला. भुसा, शेंगांची टरफलं, तुराट्यांचा चुरा वाळवून जबरदस्त दाबाखाली त्याची मनगटाएवढी जाड कांडी काढतात. कागदावर ब्रिकेट, पुस्तकी मराठीत कांडी कोळसा, आणि ट्रकवाला फोनवर सांगतो तेव्हा "व्हाइट कोल". त्यात डिंक वगैरे काही घालावा लागत नाही. दाबाने आणि उष्णतेने लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि तेच चिकटपट्टीचं काम करतं.

किलोमागे साधारण ३,८०० ते ४,२०० किलोकॅलरी मिळतात. चांगला आयात कोळसा त्याच्या बराच पुढे असतो, पण कांडीत गंधक जवळजवळ नसतं आणि राखही बहुधा कमी पडते. तूस मात्र याला अपवाद. तुसाचा वीस टक्के भाग राखच असते आणि ती सिलिकाने भरलेली, वाळूच्या कागदासारखी. पाइपाच्या बाकावर ती घासून घासून भोक पाडते.

आमच्याकडे माल आला की मी पहिल्यांदा एक कांडी उचलून गुडघ्यावर मोडत असे. कडक आवाज आला तर माल कोरडा. दातेरी, मऊ तुटली तर ओलावा आहे, वजन पाण्याचं भरलंय. लॅबचा रिपोर्ट दुपारनंतर यायचा, गुडघा लगेच सांगायचा. एका जुलैमध्ये ताडपत्री फाटलेला ट्रक आला. घाई होती म्हणून उतरवून घेतला. संध्याकाळपर्यंत अर्ध्या कांड्यांचा भिजलेला भुसा झाला होता. फीडरमध्ये तो बसला, वाफेचा दाब घसरला, आणि डाइंग सेक्शनचा सुपरवायझर माझ्या डोक्यावर येऊन उभा राहिला. कोळशाला पाऊस लागला तर कोळसाच राहतो. कांडीला लागला तर ती पुन्हा भुसा होते.

दुसरा त्रास अल्कलीचा. शेतातल्या काडीकचऱ्यात पोटॅशियम असतं, त्यामुळे राख कमी तापमानाला वितळते आणि जाळीवर काचेसारखे गोळे जमतात. नुसत्या कांडीवर बॉयलर चालवायचा तर भट्टी तशी बसवलेली हवी. कोळशाच्या मोठ्या वीज केंद्रांना २०२१ च्या धोरणानुसार कोळशात सुरुवातीला ५ टक्के बायोमास मिसळायला सांगितलं, त्यामागे हेही कारण आहे: थोडं मिसळलं तर भट्टी कुरकुर करत नाही.

मग सगळ्या कारखान्यांनी आणि वीज केंद्रांनी हेच का वापरू नये? देशात काडीकचरा भरपूर आहे ना?

कागदावर आहे. सरकारसाठी झालेल्या अभ्यासात देशात वर्षाला ७५ कोटी टन बायोमास निघतो आणि त्यातला सुमारे २३ कोटी टन जादा उरतो, असा अंदाज आला. त्यावर २८ गिगावॉट वीज होऊ शकते असं मांडलं गेलं.

"जादा" या शब्दापाशी मी अडतो. ठाणे जिल्ह्यातच मुरबाड-शहापूरकडे जा. भात झोडपून झाल्यावर पेंढा जनावराच्या वैरणीला जातो. उन्हाळ्यात पालापाचोळा, टहाळ, शेण खाचराच्या तुकड्यावर पसरून राब भाजतात, त्या जमिनीत मग रोपं टाकतात. काट्याकुट्या कुंपणाला, उरलेलं चुलीला. शहरातल्या नकाशावर जे रिकामं दिसतं त्याला गावात कोणीतरी मालक असतो आणि त्याचा काहीतरी उपयोग ठरलेला असतो. पंजाबात भाताचा पेंढा खरोखर जाळून टाकतात; तिथे तो जादा आहे. कोकणात नाही.

आणि खरोखर जादा असला तरी तो पसरलेला असतो, हलका असतो, वर्षातून दोन-तीन आठवड्यांतच मिळतो. ट्रक भरतो, वजन भरत नाही. काडी फुकट असते, पण ती कापणं, गाठी बांधणं, वाहणं, पावसापासून झाकून ठेवणं फुकट नसतं. पानिपतला इंडियन ऑइलचा पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला, दिवसाला १०० किलोलिटर क्षमतेचा. त्याला वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढा लागणार असं तेव्हा जाहीर झालं. पेंढ्यातला चिवट धागा, म्हणजे सेल्युलोज, तोडायचं रसायनशास्त्र अवघड आहेच. पण दोन लाख टन पेंढ्याच्या गाठी वर्षभर सांभाळणं हा वेगळाच डोंगर आहे. जैवऊर्जेत यंत्र विकणारे खूप भेटतात, गोळा करून देणारा भेटत नाही.

सोसायटीच्या ओल्या कचऱ्यातून खरोखर किती गॅस मिळतो?

आमच्याकडे तीनशे फ्लॅट. घरटी सहाशे ग्रॅम धरले तर १८० किलो ओला कचरा यायला हवा. प्रत्यक्षात नीट वेगळा केलेला १३० किलोच्या आसपास येतो, कारण काही घरांचं शिक्षण अजून चालू आहे. एक टन खरकट्यापासून ८० ते १२० घनमीटर गॅस हा सर्वसाधारण आडाखा. खालचा आकडा धरला तर आमचे दिवसाचे दहा घनमीटर. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे साधारण ४५० ग्रॅम एलपीजी. म्हणजे दिवसाला साडेचार किलो, किंवा तीन दिवसांत घरगुती एक सिलिंडर.

हा गॅस क्लब हाऊसच्या मागे बचत गटाच्या बायका पोळी-भाजी केंद्र चालवतात तिथे जातो. त्यांच्या शेगडीच्या बर्नरची भोकं मोठी करून घ्यावी लागली, कारण बायोगॅसमध्ये मिथेन ५५ ते ६५ टक्केच असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. साध्या बर्नरवर ज्योत उडून विझते. आता निळी, जरा आळशी ज्योत लागते. पोळीला पुरते, पुऱ्या तळायला बायका अजून सिलिंडरच लावतात, आणि मी त्यांना आग्रह करत नाही.

तीन दिवसांत एक सिलिंडर वाचवून संचाची किंमत वसूल होते का, हे कमिटी मीटिंगमध्ये दर वर्षी विचारलं जातं. फक्त गॅसवर हिशेब मांडला तर दमछाक होते. पण २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या सोसायट्यांवर ओला कचरा आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली, तेव्हापासून तुलना सिलिंडरशी नसून कंपोस्टच्या खर्चाशी आणि घंटागाडीने कचरा नाकारण्याशी आहे. तो हिशेब जमतो.

त्याचा वास येतो का? स्फोट होईल का?

बंद टाकीचा वास येत नाही. येतो तो टाकीबाहेर सांडलेल्या कचऱ्याचा. दुपारी बाराच्या आत कचरा टाकीत गेला आणि फरशी धुतली तर शेजारच्या ए विंगलाही कळत नाही. गॅसमध्ये थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. तो लोखंडाच्या किसाने भरलेल्या नळकांड्यातून काढून टाकतात. कीस काळा पडला की बदलायचा.

मिथेन हवेपेक्षा हलका, त्यामुळे उघड्यावर गळला तर वर निघून जातो. बंद खोलीत साठला तर धोका. म्हणून आमचा फुगा छपराखाली पण चारही बाजूंनी मोकळा आहे. एक गोष्ट मात्र दारावर लाल अक्षरांत लिहिली आहे: टाकीत कोणीही उतरायचं नाही. पडलेला मोबाइल काढायलासुद्धा नाही. आत प्राणवायू नसतो, माणूस दोन श्वासांत पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही.

मध्ये महिनाभर संच बंद होता तो का?

गणपतीमुळे. म्हणजे आपल्यामुळे. महाप्रसादाचा भात आणि शिरा बराच उरला आणि कोणीतरी सद्भावनेने रात्रीच्या रात्री सगळा टाकीत ओतला. दीडेकशे किलो नुसतं स्टार्च आणि साखर.

टाकीत जिवाणूंच्या दोन टोळ्या काम करतात. पहिली अन्न फोडून आम्ल बनवते, दुसरी त्या आम्लाचा मिथेन करते. पहिली टोळी चटपटीत, दुसरी सावकाश आणि नाजूक. गोड-पिठूळ माल एकदम पडला की पहिलीने धडाधड आम्ल केलं, दुसरीला उरकेना. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, सातच्या आसपास हवा, तो साडेपाचवर आला. फुगा तर टम्म होता, बघणाऱ्यांना वाटलं गॅसच गॅस. काडी लावली तर पेटेना. आत जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड. झाकणापाशी आंबलेल्या ताकासारखा वास.

संच बसवून देणाऱ्या कंपनीला फोन केले. त्यांचा माणूस दहा दिवसांनी आला आणि म्हणाला टाकी रिकामी करा, नवीन कल्चर, म्हणजे जिवाणूंचं विरजण, घ्या, आमच्याकडेच मिळतं. मी त्याला चहा पाजून परत पाठवला. कचरा घालणं पूर्ण बंद केलं, चुन्याची निवळी थोडी थोडी सोडली, आणि तबेल्यातून रोज दोन घमेली ताजं म्हशीचं शेण आणून पातळ करून घातलं. म्हशीच्या पोटात हेच जिवाणू आयते असतात. अठराव्या दिवशी ज्योत धरली. आता गणपतीत भाताची पातेली परस्पर टाकीकडे जात नाहीत, आधी मला दाखवतात.

वाशीच्या एपीएमसीत रोज एवढा भाजीपाला फुकट जातो, त्याचं मोठ्या प्रमाणावर का होत नाही?

तंत्र आपल्या दारात आहे. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' हा संच विकसित केला. कचरा आधी दळायचा, मग गरम पाण्यात, हवेवर जगणाऱ्या जिवाणूंकडून अर्धवट पचवून घ्यायचा आणि नंतर हवाबंद टाकीत सोडायचा. त्यामुळे शेणाशिवाय, भाजी आणि खरकट्यावरही तो नीट चालतो.

मोठ्या प्रमाणावर जायचं तर गॅस शुद्ध करून कार्बन डायऑक्साइड काढायचा, मिथेन ९० टक्क्यांच्या वर न्यायचा आणि दाबून भरायचा. हाच सीबीजी, म्हणजे कॉम्प्रेस्ड बायोगॅस. तो रासायनिकदृष्ट्या सीएनजीच असतो. ठाणे स्टेशनबाहेरच्या रिक्षाला फरक कळणार नाही. केंद्राची 'सतत' योजना १ ऑक्टोबर २०१८ ला सुरू झाली तेव्हा २०२३ पर्यंत पाच हजार प्रकल्प आणि वर्षाला दीड कोटी टन गॅस असं लक्ष्य होतं. त्या लक्ष्याच्या पासंगालाही प्रकल्प उभे राहिले नाहीत. मग शहरांत गॅस पुरवणाऱ्यांवर मिश्रणाची सक्ती आली: २०२५-२६ मध्ये १ टक्का, मग वाढत वाढत २०२८-२९ पासून ५ टक्के. गिऱ्हाईक पक्कं झालं, हे महत्त्वाचं.

पण माल? पहाटे भाजी मार्केटला जाऊन बघा. कोबीची पानं, फ्लॉवरचे दांडे हे सोनं आहे. त्यातच सुतळी, थर्माकोल, प्लास्टिकच्या जाळ्या, पिशव्या. सुतळी पंपाच्या पात्याला गुंडाळली की पंप बसला. पूर्ण प्रकल्पाचा जीव त्या एका सुतळीत असतो.

कचरा सरळ जाळून वीज केली तर? ठाण्याच्या दिवा गावात होतं तसल्या डम्पिंगचा प्रश्नच मिटेल.

डम्पिंगचा धूर ज्यांनी वर्षानुवर्षं खाल्ला त्यांचा संताप मला समजतो. पण आपला कचरा युरोपासारखा कागदी आणि कोरडा नाही. नारळपाणी, भाजीचे देठ, आमटी-भात, त्यावर चार महिने पाऊस. असा कचरा जाळताना बरीचशी उष्णता त्यातलं पाणी उडवण्यातच जाते. दिल्लीत तिमारपूरला १९८० च्या दशकात असा प्रकल्प उभारला होता. कचऱ्यात पुरेशी उष्णताच निघाली नाही आणि तो बंद पडला. ओला वेगळा काढून उरलेला कोरडा जाळला तर यंत्र चालतं. मात्र मग जळतं ते बरंचसं प्लास्टिक, आणि प्लास्टिक म्हणजे घन रूपातलं खनिज तेल. त्याला अक्षय ऊर्जा म्हणताना माझी जीभ अडखळते.

पेट्रोलमधलं इथेनॉल हीसुद्धा जैवऊर्जा ना? माझ्या गाडीचं अॅव्हरेज पडलं त्याचं काय?

हो, आणि सध्या देशातला तिचा सगळ्यांत डोळ्यांत भरणारा अवतार. २०१४ ला पेट्रोलमध्ये इथेनॉल दीड टक्का होतं, जून २०२२ मध्ये १० टक्के झालं, २०२५ मध्ये २० टक्के. २०३० चं लक्ष्य पाच वर्षं आधी गाठलं.

अॅव्हरेजबद्दल: लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे थोडा फटका बसणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या बांधणीच्या चारचाकींसाठी ६-७ टक्के, दुचाकींसाठी ३-४ टक्के घट धरलेली आहे. वीस टक्के कमी झालं म्हणणाऱ्यांनी टायरची हवा आणि घोडबंदर रोडची वाहतूक दोन्ही तपासावं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील यांची चिंता मात्र खोटी नाही. मेकॅनिकला दाखवून घ्या.

माझी तक्रार वेगळी आहे. साखर काढून उरलेल्या मळीपासून इथेनॉल केलं तर ते टाकाऊतून काढलेलं. उसाच्या रसापासून सरळ केलं तर ते साखरेच्या आणि पाण्याच्या वाट्याचं. त्याच आराखड्यात उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं असं म्हटलं आहे. मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पाऊस कमी झाला तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनेच रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली. मग मका पुढे आला, तर कोंबडीखाद्यवाले ओरडू लागले आणि मका निर्यात करणारा आपला देश आयात करू लागला. कढईत भांडण नको असेल तर टाकीत काय ओततोय ते बघायला हवं.

खेड्यातली चूलही मग अक्षय ऊर्जाच की! तिच्यावर एवढी टीका का?

लाकूड पुन्हा वाढतं म्हणून तत्त्वतः खरं. पण मोळी डोक्यावर घेऊन डोंगर उतरणाऱ्या कातकरी, ठाकर बायका आणि चुलीपुढचा धूर हे त्या तत्त्वात मोजलेलं नाही. शिवाय वाढलेलं झाड एका दिवसात जळतं आणि परत यायला वीस-तीस वर्षं घेतं. मधल्या काळातला कार्बन हवेतच असतो. दर वर्षी उगवणारी काडी आणि पन्नास वर्षांचं ऐनाचं झाड एका तागडीत घालू नये.

गोबरगॅस इतका जुना, मग तो गावोगाव टिकला का नाही?

जुना खराच. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्येच असा संच होता. पुढे १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या ड्रमचा 'ग्रामलक्ष्मी' केला, खादी आयोगाने तो उचलला, १९८१ नंतर राष्ट्रीय कार्यक्रम झाला आणि १९८४ मध्ये विटांच्या घुमटाचं स्वस्त 'दीनबंधू' आलं. आमच्या आजोळीही एक होतं. ड्रम गंजला, दोन बैल विकले, मामीचे हात रोज शेण कालवून थकले, आणि सिलिंडर दारात आला. तो खड्डा आता फणसाच्या झाडाला चांगला लाभलाय.

तळून काळं झालेलं तेल गटारात ओततात, त्याचं काही होतं का?

बायोडिझेल होतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातल्या ध्रुवीय घटकांना (तेल पुन्हा पुन्हा तापवलं की हे वाढतात) २५ टक्क्यांची मर्यादा लागू केली. त्यापुढचं तेल खाण्याच्या वापरातून बाहेर काढून इंधनासाठी गोळा करायचं. वडापावच्या गाड्या मोजा म्हणजे आपल्याकडे हा कच्चा माल किती, ते कळेल. पण तेलाला भाव मिळतो म्हटल्यावर ते रंग उतरवून परत कोणाच्या कढईत तर जात नाही ना, हेही बघावं लागतं.

उलव्याच्या, म्हणजे नवी मुंबईच्या विमानतळाशी याचा काय संबंध?

विमानाला बॅटरी झेपत नाही, त्यामुळे द्रव इंधनच हवं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ ला १, २०२८ ला २ आणि २०३० ला ५ टक्के शाश्वत विमान इंधन मिसळण्याचं लक्ष्य देशाने ठरवलंय. ते येणार वापरलेल्या तेलातून आणि इथेनॉलमधून. म्हणजे पेट्रोलपंप, कढई आणि धावपट्टी एकाच मालासाठी रांगेत.

टाकीतून निघालेल्या स्लरीचं, म्हणजे उरलेल्या काळ्या पातळ गाळाचं, काय करायचं?

आमची बागेत जाते आणि जास्वंद बघून घ्या. मोठ्या प्रकल्पांना ती खपवणं जड जातं. म्हणून २०२३ मध्ये केंद्राने अशा सेंद्रिय खताला टनामागे १,५०० रुपयांचं साहाय्य जाहीर केलं. शेतकरी गोणीतला युरिया ओळखतो, काळं पाणी ओळखत नाही.

ओल्या डब्यात नेमकं काय टाकायचं नाही?

नारळाची करवंटी आणि शेंडी नाही. हाडं नाहीत. मे महिन्यात हापूसच्या कोयी वेगळ्या पिशवीत द्या. दळणीचं पातं मागच्या वर्षी दोनदा तुटलं. लिंबाच्या साली एखाद-दुसरी चालेल, लोणच्याचा घाट घातला असेल तर सगळ्या एकदम नको, त्यातल्या तेलाने जिवाणू सुस्तावतात. चहाचा चोथा चालतो, टी-बॅगची पिन काढून. निर्माल्यातली फुलं चालतात, हारातला दोरा नाही. आदल्या रात्री काढून ठेवला तर सकाळी मला चष्मा लावून शोधावा लागत नाही.